गिरणीतला उजेड : किती आणि कोठवर?

कामाच्या जागी उजेड किती असावा, हा प्रश्न वरवर पाहता वीजतंत्रज्ञाचा आहे. तह, लढाया आणि राज्यक्रांत्या ज्या व्यासपीठावर ऐकावयाच्या, तेथे दिव्यांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारले तर आम्हांस नवल वाटणार नाही. परंतु ज्या प्रश्नांची उत्तरे आज कोष्टकांत छापलेली मिळतात, त्यांपैकी कित्येक प्रश्न एके काळी रस्त्यावर, सभांत आणि संपांत लढवले गेले होते. उजेडाचा प्रश्न त्यांतलाच आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या अगदी जवळ, मुंबईच्या गिरण्यांत घडला आहे. तो पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. उजेड किती, ही पहिली. तो कोठवर, म्हणजे किती वेळपर्यंत माणसाला कामाला जुंपणार, ही दुसरी. आमच्या मते या दोन प्रश्नांची फारकत केल्यामुळेच या विषयात पुष्कळ घोटाळा झाला आहे.

गिरण्या येण्यापूर्वी कारागीर आपला उजेड आपणच निवडीत असे. सोनार बारीक कामासाठी उंबऱ्याजवळ बसे. कोष्टी आपला माग दारातून वा खिडकीतून उजेड येईल अशा बेताने मांडी. शिंपी दुपार कलली की बैठक सरकवी. ‘दिवसाउजेडी’ हा आपल्या भाषेतला शब्द नुसता वेळ सांगत नाही, काम नीट होण्याची अटही सांगतो. दिवेलागण झाली की बारीक काम आवरावयाचे, हा संकेत होता. समईच्या वा पणतीच्या उजेडात जेवण होई, भजन होई, गोष्टी होत. पण बारीक सुताची परीक्षा कोणी करीत नसे. त्या कारागिराचे जिणे सुखाचे होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दारिद्र्य तेव्हाही होतेच. मात्र डोळ्यांना ताण पडू लागला की जागा बदलण्याची किंवा काम थांबवण्याची मुभा त्याच्या हाती होती. गिरणीत ही मुभा गेली. तेथे साचा जेथे रोवला तेथेच माणसाने उभे राहावयाचे, आणि उजेड त्याच्याकडे येईल तेवढाच त्याचा.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी ताडदेवला चालू झाली. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत भायखळा, परळ, लालबाग, वरळी या भागांत धुराड्यांचे रान उठले. या इमारतींची रचना पाहिली म्हणजे उजेडाचा विचार बांधणाऱ्यांनी केला नव्हता असे म्हणता येत नाही. त्यांनी तो बारकाईने केला होता. सूतखात्यांच्या मजल्यांना ओळीने उंच खिडक्या असत. साळखात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती व बंद, दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची. ही काचेची बाजू उत्तरेकडे तोंड करून बसवीत. कारण सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून जातो. उत्तरेच्या आकाशाचा उजेड थंड, पसरलेला आणि सावल्या न पाडणारा असतो. ही रचना विलायतेतून आली. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे किंचित उत्तरेकडे असतो. परंतु त्या दिवसांतला बराच काळ पावसाळी ढगांत जात असल्याने ही अडचण फारशी जाणवत नसे. सारांश, उजेड किती आणि कसा हवा, हे मालकांना ठाऊक होते. मलमलीतला तुटलेला धागा दिसला नाही तर नुकसान त्यांचेच होते.

परंतु छपरातून येणारा उजेड सूर्याबरोबर जातो. म्हणून पहिली कित्येक वर्षे गिरणीचा दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, असाच हिशेब होता. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तेव्हा हिवाळ्यात काम थोडे कमी आणि उन्हाळ्यात जास्त, पण पगाराचा दर तोच. यात मालकाची कृपा नव्हती आणि कामगाराचा हक्कही नव्हता. सूर्य मावळला की सूत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. तरीही कामगाराच्या दृष्टीने सूर्यास्त ही एक भिंत होती. ज्याच्या घरी घड्याळ नाही, ज्याला पहाटेच्या अंधारात भोंगा ऐकून धावत सुटावे लागते, त्याला दिवस संपल्याचा तेवढाच एक पुरावा होता आणि तो मुकादमाला नाकारता येत नव्हता.

हे ध्यानात घेतले म्हणजे १८८४ सालच्या एका अर्जाचा अर्थ नीट कळतो. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई, या मागण्या आज सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला बंद व्हावे, अशी ती मागणी. येथे सुरुवात घड्याळाने मोजली आहे आणि शेवट सूर्याने. आम्हांस हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. पहाटेच्या अंधारात कामगाराला ओढून नेणाऱ्या भोंग्याला घड्याळाचा लगाम घालावयाचा आणि संध्याकाळी सूर्याची भिंत तशीच ठेवावयाची, असा तो डाव होता. लोखंडे यांनी उजेडाविषयी वेगळा शब्द लिहिला नाही. पण ती मागणी उजेडाविषयीचीच आहे.

या लढ्याला आपल्याच शिकलेल्या मंडळींचा कितपत पाठिंबा होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे थोडे गृहस्थ कायद्याच्या बाजूने उभे राहिले. परंतु बहुतेक देशी पुढाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना कारखान्यांचे कायदे म्हणजे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे कारस्थान वाटत होते. ही शंका निराधार नव्हती. लँकेशायरला मुंबईच्या स्पर्धेची भीती होती आणि तेथील मंडळींचा कायद्यासाठी रेटा होता, हे खरे आहे. पण एखाद्याचा हेतू शुद्ध नाही म्हणून कामगाराचे डोळे दुखत नाहीत असे ठरत नाही. १८८१ च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची. प्रौढ पुरुषाला मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. त्याचा दिवस अजून सूर्याच्याच हवाली होता.

आता कोणी विचारील की, मग गिरणीत दिवे का लावले नाहीत? विलायतेत ते फार आधी लागले होते. १८०५-०६ च्या सुमारास विल्यम मर्डॉक याने सॅलफर्डच्या एका सूतगिरणीत गॅसचे दिवे बसवले आणि १८०८ साली त्याचा हिशेब रॉयल सोसायटीपुढे मांडला. वर्षभराच्या सरासरीने रोज दोन तास दिवे जळतात असे धरले तर गॅसला सुमारे ६०० पौंड खर्च येतो आणि तेवढ्याच उजेडासाठी मेणबत्त्यांना २००० पौंड पडतात, असे त्यात आहे. ‘रोज दोन तास’ या शब्दांत सारा इतिहास साठवलेला आहे. कारखान्यातला कृत्रिम उजेड आला तो दिवस लांबवण्यासाठी. मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली आले. परंतु गिरणीच्या आत उघडी ज्योत म्हणजे अंगावर उष्णता, आणि हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंना आगीचे आमंत्रण. आधीच दमट आणि तापलेल्या खात्यांत हा सौदा कोणालाही परवडणारा नव्हता.

विजेच्या दिव्याने ही अडचण दूर केली. काचेच्या फुग्यात बंद असलेल्या त्या तारेला ज्वाला नाही आणि धूर नाही. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, तरी तो प्रयोग फार काळ टिकला नाही. पुढे गिरण्यांनी आपल्याच वाफेच्या यंत्रांवर डायनामो बसवून वीज निर्माण करण्यास आरंभ केला. १९०५ च्या सुमारास कापडाच्या धंद्याला तेजी आली आणि दिवे बसवलेल्या कित्येक गिरण्या चौदा-चौदा तास, काही त्याहूनही अधिक, चालू लागल्या. त्या वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’सारख्या, मालकवर्गाच्या विरुद्ध नसलेल्या पत्रानेही या अमानुष तासांवर कडक टीका केली. कामगारांनी संप केले, दंगेही झाले. डोळ्यांना सुखावणारी, स्वच्छ, धूर नसलेली अशी ती वस्तू होती आणि कामगार तिच्यावर संतापला होता. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचे भांडण दिव्याशी नव्हते. सूर्यास्ताची भिंत दिव्याने पाडली होती आणि तिच्या जागी दुसरी भिंत कोणी बांधली नव्हती, हे त्याला पुस्तके न वाचता समजले होते.

पुढची पाच-सहा वर्षे ही दुसरी भिंत बांधण्यात गेली. १९०६ साली एक समिती नेमली गेली आणि १९०७-०८ साली कारखाना कामगार आयोग बसला. आयोगाच्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको होते. हिंदी कामगार कामात टंगळमंगळ करतो, विडी ओढावयास बाहेर जातो, तेव्हा त्याचे तास दिसतात तेवढे नसतात, असा युक्तिवाद त्या वेळी सर्रास केला जाई. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे व्यवसायाने वैद्य. त्यांनी मात्र बहुमताशी असहमत होऊन भिन्न मतपत्रिका जोडली आणि पुरुषांच्या तासांवरही कायद्याने मर्यादा घालावी असे सांगितले. चौदा तास साच्यापुढे उभा राहणारा माणूस मधून मधून बाहेर गेला नाही तर तो जगणार कसा, हा प्रश्न त्या टंगळमंगळीच्या आरोपाला उत्तर म्हणून पुरेसा आहे. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषालाही बारा तासांची मर्यादा घातली, आणि पाळ्यांची पद्धत नसेल तेथे पहाटे साडेपाचपूर्वी व संध्याकाळी सातनंतर काम घेण्यास बंदी केली. सूर्याची भिंत गेली होती. तिच्या जागी घड्याळाची भिंत उभी राहिली. १९२२ साली ती आठवड्याला ६० तासांवर, १९३४ साली ५४ तासांवर आणि १९४६ साली ४८ तासांवर आली.

‘कोठवर’ या प्रश्नाला असे उत्तर मिळू लागल्यावर ‘किती’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येऊ लागला. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १७ व्या कलमाने कामाच्या प्रत्येक जागी पुरेसा आणि योग्य उजेड ठेवण्याचे बंधन घातले. खिडक्यांच्या व छपराच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्यास सांगितले. डोळे दिपणार नाहीत आणि अपघात होईल अशा सावल्या पडणार नाहीत याची व्यवस्था करण्यास सांगितले. पण ‘पुरेसा’ म्हणजे किती? त्यासाठी माप लागते.

ते माप मेणबत्तीपासून आले. १८६० च्या विलायती कायद्यात प्रमाण मेणबत्ती ठरली होती : देवमाशाच्या डोक्यातील मेणाची, एका पौंडात सहा बसणारी, तासाला १२० ग्रेन जळणारी. अशा मेणबत्तीपासून एक फुटावर धरलेल्या पृष्ठावर जेवढा उजेड पडतो तो एक फूट-कँडल. अंतर दुप्पट केले की उजेड चतुर्थांश होतो, तिप्पट केले की नवमांश. दिवा उंच टांगला म्हणजे खोली उजळ दिसते आणि हातातले काम मात्र अंधारात राहते, त्याचे कारण हेच. दोन उजेडांची तुलना करण्याची बुन्सेनची युक्ती तर घरी करून पाहण्यासारखी आहे. कागदावर तेलाचा एक डाग पाडावा आणि दोन दिव्यांच्या मध्ये तो धरावा. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की डाग दिसेनासा होतो. आज आपण लक्स हे माप वापरतो. एक फूट-कँडल म्हणजे पावणेअकरा लक्स. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने कारखान्यांच्या खिडक्या झाकाव्या लागल्या, तेव्हा ब्रिटनने १९४१ साली कारखान्यांसाठी निदान सहा फूट-कँडल, म्हणजे सुमारे ६५ लक्स, असा आकडा नियमात घातला. आजच्या दृष्टीने हा उजेड फारच तोकडा आहे. परंतु कामगाराला बोट ठेवून दाखवता येईल असा एक आकडा अस्तित्वात आला, हे थोडे नव्हे.

मधल्या काळात अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. १९२४ ते १९२७ या वर्षांत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील टेलिफोनच्या कारखान्यात उजेड वाढवला तर काम वाढते काय, हे पाहिले गेले. उजेड वाढवला तेव्हा काम वाढले. परंतु ज्या गटाचा उजेड बदलला नव्हता त्याचेही वाढले. एका प्रसंगी तर उजेड जवळजवळ चांदण्याइतका कमी केला, तरी काम करणाऱ्यांनी काम चालू ठेवले. यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की उजेडाला महत्त्व नाही, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या भावनेला आहे. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासले गेले आणि तो निष्कर्ष वाटला तेवढा भक्कम नाही असे दिसून आले. आमच्या दृष्टीने त्यातला धडा वेगळाच आहे. माणूस चांदण्यातही काम रेटू शकतो. पण काम झाले म्हणजे उजेड पुरेसा होता असे मात्र सिद्ध होत नाही. उत्पादन मोजणारा डोळ्यांची झीज मोजत नाही.

आपल्या देशात १९६६ साली घरातील व कामाच्या जागेतील उजेडाची भारतीय मानक संहिता निघाली आणि १९९२ साली ती सुधारली. सुधारलेल्या संहितेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती प्रत्येक कामासाठी एकच आकडा देत नाही, तीन देते. सर्वसाधारण कचेरीसाठी ३००, ५०० आणि ७५० लक्स. मधला आकडा नेहमीसाठी. चुकीची किंमत मोठी असेल किंवा काम करणाऱ्याची दृष्टी मंद असेल तर वरचा. काम क्वचितच होत असेल आणि वेग वा अचूकपणा महत्त्वाचा नसेल तर खालचा. एका पायरीवरून दुसरीवर जाताना उजेड सुमारे दीडपट होतो, कारण त्याहून लहान फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. म्हणजे विज्ञानानेही अखेर सांगितले ते हेच, की आधी काम पाहा, मग माणूस पाहा आणि मग दिवा निवडा. पांढऱ्या सुतातला तुटलेला धागा आणि काळ्या कापडातला काळा धागा यांना सारखा उजेड पुरत नाही. वीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या सुमारे तिसरा हिस्साच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. एकाच खात्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या बाप-लेकांना एकच दिवा दिला, तर समानता झाली असे म्हणता येईल काय?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक करून गिरण्यांचे भोंगे थांबले. उत्तरेकडे तोंड केलेली ती करवती छपरे बहुतेक उतरली गेली. त्या जागांवर काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक मजल्यांवर रात्रभर दिवे जळतात, कारण साता समुद्रांपलीकडच्या गिऱ्हाइकाचा तेव्हा दिवस असतो. त्या टेबलांवर लक्स मोजून पाहिले तर बहुधा ते संहितेप्रमाणे भरतील. डोळे दिपत नाहीत, सावल्या पडत नाहीत. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर तेथे बिनचूक आहे. परंतु २००२ साली असे आढळून आले की डोळ्यात पाहण्याच्या कामी येणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी उजेड टिपतात आणि शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देतात. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने शरीराचे हे घड्याळ बिघडवणारी रातपाळी कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींत घातली. म्हणजे शरीराच्या दृष्टीने सूर्यास्त अजून झालेला आहे. तो फक्त हजेरीपटावर दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. कामाच्या जागेसाठी उजेड ठरवताना कोष्टक जरूर पाहावे. ते अनेकांच्या श्रमाने तयार झाले आहे. काचा पुसाव्या, दिव्यावरची धूळ झाडावी, सावली कोणत्या हातावर पडते ते पाहावे, आणि जो तेथे बसणार किंवा उभा राहणार त्याला विचारावे. पण त्याच बैठकीत दिवा केव्हा मालवावयाचा हेही ठरवावे. लोखंडे यांच्याजवळ उजेड मोजण्याचे यंत्र नव्हते आणि त्या साडेपाच हजारांपैकी अनेकांना सहीऐवजी अंगठाच उठवता आला असेल. तरीही साडेसहा ते सूर्यास्त या दोन शब्दांत त्यांनी दोन्ही प्रश्न एकत्र बांधून दाखवले होते. ती गाठ आपण सोडू नये.